एक जादाचा ‘अ’

छापखान्यात त्याला सगळे कानामात्रा म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच सुखानं पडून होतं. एकतीस वर्षं तो मुद्रितं तपासत होता. शुद्धलेखनाच्या चुका तो काढी, पण लेखकाच्या अर्थात काना-मात्रेचाही फरक त्याच्या हातून कधी झाला नव्हता. एका लेखकानं एकदा सूर्य पश्चिमेला उगवल्याचं लिहिलं होतं, तर यानं ते जसंच्या तसं ठेवून समासात बारीक अक्षरात एवढंच विचारलं होतं, “नक्की?” अशा माणसाला निम्मे लोक विश्वासू म्हणतात आणि निम्मे चिकट. दोघांचंही खरं असतं.

तर या कानामात्रानं एका बुधवारी, सव्वाअकराच्या सुमाराला, टेबलावर चहा गार होत असताना, तेविसाव्या नोंदीतल्या ‘खाद्य’ या शब्दाआधी लाल शाईनं एक ‘अ’ घातला. समासात प्रश्न नाही, काही नाही. घातला आणि पान उलटलं.

पुस्तिका लहानशीच होती. आसपासच्या माळावर, ओढ्याकाठी, उतारावर आपसूक उगवणाऱ्या झुडपांची आणि त्यांच्या फळांची. कुठलं खायचं, कुठलं नाही, ओळखायचं कसं, चव कशी. लिहिणाऱ्या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, वय चौऱ्याहत्तर, आणि गाव त्यांना झुडूपबाई म्हणूनच ओळखत होतं. चव त्यांनी कुठल्या पुस्तकातून उतरवली नव्हती. प्रत्येक फळ स्वतः चाखून मग लिहिलं होतं.

तेविसावी नोंद अशी होती:

“कावळमणी. कमरेएवढं झुडूप, काटे नाहीत. पानं समोरासमोर, कडा सरळ. पान चुरगाळलं तर ओल्या पाटीचा वास येतो. फळ वाटाण्याएवढं, घोसात, पिकल्यावर काळं. टोकाला चार पाकळ्यांची वाळकी चांदणी राहते. बिया दोन, चपट्या. फळ खाद्य. चव आधी आंबट, मग गोड, शेवटी तुरट. ओठ आणि बोटं जांभळी होतात. रंग दोन दिवस जात नाही.”

रंग दोन दिवस जात नाही, इथे कानामात्राचा पेन थांबला होता. हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

त्रेपन्न वर्षांपूर्वी, तो आठ वर्षांचा असताना, त्यांच्या घरामागच्या ओढ्याकाठी असं एक झुडूप होतं. धाकटा भाऊ चार वर्षांचा, तीन दिवस तापानं पडलेला. त्याला बाहेरचं काही द्यायचं नाही, अशी घरात सक्त ताकीद होती. आणि घरातलं काही त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं. तिसऱ्या दुपारी आई शेजारी काही मागायला गेली तेव्हा धाकटा म्हणाला, “दादा, मला ते काळं काळं आणून दे ना.” दादानं धावत जाऊन ओंजळभर आणून दिलं. मग ताकीद आठवली. त्यानं सदऱ्याचं टोक भिजवून भावाचे ओठ पुसले, बोटं पुसली, आणि स्वतःचे हात खिशात घातले ते दोन दिवस बाहेर काढले नाहीत. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता धाकटा गेला.

लोक जमले. चांगलं खेळतं-बागडतं पोर, नुसत्या तापानं कसं गेलं, म्हणून विचारू लागले. आईनं ओढ्याकडे बोट केलं आणि म्हणाली, “त्या झुडपाची फळं खाल्ली त्यानं. विषारी आहेत.” बाबांनी त्याच संध्याकाळी कुऱ्हाड घेऊन झुडूप मुळापासून काढलं. फळं धाकट्याला कुणी दिली, हे मात्र आईनं विचारलं नाही. तेव्हाही नाही आणि पुढे कधीही नाही.

आठ वर्षांच्या पोरानं यातून समजायचं ते समजून घेतलं. पुसूनही ओठावर कुठेतरी डाग राहिला असणार. आईला सगळं कळलंय. ती आपल्याला पाठीशी घालतेय, किंवा आपण होऊन कबूल करण्याची वाट बघतेय. त्या दिवसापासून तो घरात पावलं न वाजवता चालायला लागला. हे पोर एकदम शहाणं झालं, असं लोक म्हणाले. शहाणं कसलं, ते भेदरलं होतं.

तापानंही पोरं जातात हे त्याला मोठेपणी कळत नव्हतं असं नाही. पण जे उत्तर आपल्याच गळ्याशी येईल असं वाटतं, तो प्रश्न माणूस विचारत नाही. कानामात्रानं शेकडो पुस्तकं वाचली, त्यात वनस्पतींची होती, औषधांचीही होती. आणि तसलं पान आलं की तो फक्त अक्षरं बघायचा. बायकोला एवढंच ठाऊक होतं की आपला नवरा कुठलंही काळं फळ तोंडात घालत नाही. पोटाला बाधतं, असं तो सांगे.

आणि आता ते झुडूप नावगाव, पानं-फुलं घेऊन त्याच्या टेबलावर आलं होतं, आणि त्याच्यापुढे लिहिलं होतं, खाद्य. पाचशे प्रती निघणार होत्या. पाचशे घरांतून कुणी ना कुणी ते वाचून पोराच्या हातावर फळं ठेवणार होतं. कानामात्रानं ‘अ’ घातला तो विचार करून घातला असं म्हणवत नाही. रस्त्यात पुढे धावलेल्या पोराचा दंड आपण विचार करून धरत नाही.

*

शनिवारी झुडूपबाई शेवटची प्रत नजरेखालून घालायला आल्या. मालकांच्या खोलीत बसून त्यांनी चष्मा लावला, पानं उलटली, आणि तेविसाव्या नोंदीला अशा काही गप्प झाल्या की बाहेर यंत्रावर बसलेल्या माणसानंही मान वर केली.

“माझ्या झुडपात विष कुणी कालवलं?” त्यांनी विचारलं.

मालकांनी पान पाहिलं, मूळ हस्तलिखित पाहिलं, आणि हसून म्हणाले, “जुळणीत चूक झाली असेल हो बाई. एक अक्षर जादा पडलंय. आमचे कानामात्रा आहेत ना, त्यांच्या नजरेतून सुटणार नाही, पण...”

“चूक नाही ती,” दारातून कानामात्रा म्हणाला. “मी घातलाय तो.”

मालकांनी आ वासला. “तुम्ही? अहो, तुम्ही आणि ध चा मा करणार? दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.”

“विषारी आहे ते झाड,” कानामात्रा म्हणाला.

“कोण म्हणतं?” बाईंनी विचारलं.

“माझी आई.”

मालकांना हसू आवरेना. बाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून या एकसष्ट वर्षांच्या माणसाकडे नीट पाहिलं. उभ्या आयुष्यात त्यांनी हजारो पोरांना खोटं बोलताना पाहिलं होतं, आणि थोडी पोरं खरं सांगायला घाबरतानाही. त्या दोन चेहऱ्यांतला फरक त्यांना कळत होता.

“तुमच्या आईला खोटं पाडायला मी आलेले नाही,” त्या म्हणाल्या. “पण मी हे फळ कळायला लागल्यापासून खातेय, आणि माझी बडबड बंद पडलेली तुम्हाला दिसते का? उद्या रविवार. सकाळी सातला पाण्याच्या टाकीमागच्या उताराला या. आधी मी खाईन. मग तुम्ही बघा, चाखा, ठरवा. तो ‘अ’ मी काढणार नाही. ज्यानं घातला त्यानंच काढायचा.”

“आणि नाही काढला तर?” मालकांनी काळजीनं विचारलं.

“तर तसाच छापा. माझी जीभ ठरेल खोटी,” बाई म्हणाल्या आणि पिशवी उचलून चालू लागल्या.

*

उतारावर सकाळचं दव होतं. बाईंच्या एका गुडघ्याला पट्टा, हातात काठी, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग, आणि पाठीवरच्या पिशवीत पाण्याची बाटली नि दोन डबे. कानामात्रा इस्त्रीचा शर्ट घालून, बगलेत मुद्रिताची पानं धरून आला होता. झुडपात शिरायला इतक्या टापटिपीनं आलेला माणूस बाईंनी पहिल्यांदाच पाहिला.

“नियम एकच,” त्या चालता चालता म्हणाल्या. “नाव घेतल्याशिवाय तोंडात घालायचं नाही. नुसतं काळं आहे, गोल आहे, पाखरं खातात, म्हणून मीही खातो, असं करणारे डॉक्टरकडे भेटतात. पाखराचं पोट वेगळं, आपलं वेगळं. नाव घ्यायचं म्हणजे पान, देठ, चीक, बी सगळं बघायचं. तुम्ही मुद्रित वाचता ना, अगदी तसंच.”

थोडं वर गेल्यावर त्या एका झुडपाशी थांबल्या. काळी, वाटाण्याएवढी फळं लगडली होती. “हं, करा सुरुवात,” त्या म्हणाल्या.

कानामात्रा आधी मागेच थांबला. पण कामाची सवय मोठी असते. त्यानं पानं उघडली, तेविसाव्या नोंदीवर बोट ठेवलं, आणि एकदा कागदाकडे, एकदा झुडपाकडे बघत शब्द शब्द ताडून पाहायला लागला. कमरेएवढं, बरोबर. काटे नाहीत, बरोबर. पानं समोरासमोर...

तो थांबला. “पानं एकाआड एक आहेत, बाई.”

“असं?”

“आणि कडेला दाते आहेत. फळं घोसात नाहीत, एकेकटी आहेत. टोकाला चांदणी नाही.” त्यानं देठ मोडला, पांढरा चीक आला. “चिकाचा तर इथे उल्लेखच नाही. हे ते नव्हे.”

बाई खूश होऊन काठी आपटत म्हणाल्या, “शाब्बास! तीस वर्षं पोरांना या झुडपाशी आणून फसवतेय मी. दहातली नऊ फसतात. हे कुत्रमणी. चार खाल्ली तर आतडी पिळवटून निघतील. माझ्या पुस्तिकेत हे चोविसावं आहे, आणि त्याच्यापुढचा ‘अ’ माझा स्वतःचा आहे.”

कानामात्राला पुढचं ऐकू आलं नाही. तेवढ्यात एक नवीन भीती त्याच्या मनात शिरली होती. झुडपं दोन होती. सारखी दिसणारी. आठ वर्षांच्या पोरानं ओढ्याकाठी पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, हे कुठे पाहिलं होतं? बाईंचं कावळमणी कितीही निर्धोक असो. आपण दिलं ते हेच असलं तर?

खऱ्या झुडपापर्यंत पोचायला आणखी शंभरेक पावलं चढावी लागली. या वेळी सगळं जुळलं. समोरासमोर पानं, सरळ कडा. चुरगाळल्यावर ओल्या पाटीचा वास. फळांचे घोस, काळेभोर. बाईंनी एक घोस तोडून त्याच्या तळहातावर ठेवला, दुसऱ्यातली आठदहा फळं सरळ आपल्या तोंडात टाकली, आणि गाल फुगवून बिया थुंकल्या.

“पंधरा मिनिटं थांबूया,” त्या म्हणाल्या. “मी आडवी झाले तर तुमचा ‘अ’ बरोबर.”

त्या दगडावर बसल्या. कानामात्रा उभाच होता. हातातल्या फळांकडे बघत होता. आणि बघता बघता त्याच्या अंगठ्याच्या नखानं एका फळाच्या टोकाची वाळकी चांदणी खुडली. मग दुसऱ्याची. मग तिसऱ्याची. नख बरोबर चांदणीच्या खाली घालायचं, किंचित वळवायचं, आणि फळ न फुटता ती अलगद सुटते. हे त्याला कुणी दाखवलं नव्हतं. पुस्तिकेतही ते नव्हतं. हात आपोआप चालला होता.

“चांदणी कशाला काढताय? खातात तशीच,” बाई म्हणाल्या.

“घशाला टोचते,” तो म्हणाला. “त्याचा घसा दुखत होता.”

हे बोलला आणि त्याचा त्यालाच आवाज अनोळखी वाटला. त्या दुपारी ओढ्याकाठी बसून त्यानं एकेका फळाची चांदणी खुडली होती, भावाच्या घशाला टोचू नये म्हणून. हे तो पार विसरून गेला होता. फळं दिली हे लक्षात राहिलं, ओठ पुसले हे लक्षात राहिलं. पण एवढ्या निगुतीनं दिली होती हे त्रेपन्न वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं. ते फळ हेच होतं. कुत्रमण्याला चांदणीच नसते.

मग त्यानं बाईंना सांगितलं. उभ्या उभ्या, सगळं, जसं घडलं तसं. बायकोला सांगितलं नव्हतं, ते या पिशवीवाल्या परक्या बाईला सांगितलं.

बाईंनी लगेच धीर दिला नाही, हे त्यांचं मोठेपण. त्यांनी आधी विचारलं, “काळी होती की लालसर?”

“काळी. लाल मी सोडून दिली होती.”

“खाल्ल्यावर उलटी झाली? पोट धरलं?”

“नाही. झोपला.”

“ताप आधीपासून होता?”

“तीन दिवस.”

बाई बाटलीतलं पाणी प्यायल्या. मग स्वच्छ शब्दांत म्हणाल्या, “कच्ची दिली असती तर फार तर पोट दुखलं असतं. पिकलेल्यानं तेही होत नाही. माझी दोन्ही पोरं त्या वयात याच उतारावर पोटभर खायची, आणि संध्याकाळी घरी येऊन पुन्हा जेवायची. तुमचा भाऊ तापानं गेला. फळानं नाही, आणि तुमच्यानंही नाही.”

कानामात्रानं एक फळ तोंडात टाकलं. आधी आंबट लागलं, इतकं की डोळे बारीक झाले. मग गोड. मग जीभ टाळूला चिकटवणारा तुरटपणा. तिन्ही चवी बाईंनी लिहिल्या त्याच क्रमानं आल्या. त्यानं आणखी एक खाल्लं. आता सुटलो, असं त्याला वाटायला हवं होतं. पण त्याला आला तो राग. आपलं अख्खं आयुष्य चोरपावलांनी गेलं, आणि ते कशाच्या भीतीनं, तर या आंबटगोड फळाच्या!

“मग आई का म्हणाली तसं?” त्यानं विचारलं.

“ते मला कसं ठाऊक असणार?” बाई म्हणाल्या. “आई आहे ना अजून?”

“आहे.”

“मग माझ्याशी काय वाद घालताय?”

त्यानं खिशातून लाल पेन काढला, पान गुडघ्यावर धरलं, आणि त्या ‘अ’वरून एक उभी रेघ मारून समासात काढून टाकण्याची खूण केली. अंगठ्याचा जांभळा ठसा कागदावर उमटला. बाईंनी एक डबा रिकामा करून फळं भरून घ्यायला त्याच्यापुढे धरला.

*

आई पंच्याऐंशी वर्षांची होती आणि मागच्या खोलीत खिडकीशी बसून मटार सोलत होती. डोळे अधू झाले होते, पण शेंग हातात आली की दाणे किती हे ती न बघता सांगायची. सून बाहेर गेली होती. कानामात्रानं डबा उघडून तिच्यापुढे ठेवला आणि समोरच्या स्टुलावर बसला. रस्ताभर त्यानं वाक्यं जुळवली होती. तू खोटं का बोललीस, असंच एक होतं. दुसरं त्याहून कडक होतं.

आईनं डबा डोळ्यांजवळ नेला. बोटानं एक फळ उलटं करून टोकाची चांदणी चाचपली. आणि तो काही बोलायच्या आत तिनं ते तोंडात टाकलं.

“पिकलीत चांगली,” ती म्हणाली. “कुठे मिळाली रे?”

कानामात्रा जुळवलेली वाक्यं विसरला. तिनं आणखी दोन खाल्ली, बिया हातात काढल्या आणि मटाराच्या सालांत टाकल्या.

“आई, ही विषारी आहेत असं तू म्हणाली होतीस.”

आईचा हात शेंगेवर थांबला.

“म्हणाले होते,” ती म्हणाली. “लहानपणापासून ही खात आलेय मी. विषारी कुठली!”

“मग?”

“तुझ्या बाबांना मी पहिल्या दिवसापासून म्हणत होते, डॉक्टरकडे नेऊ. ते म्हणायचे, उद्या बघू, पोरांना ताप येतोच. दोन दिवस उद्या बघू, उद्या बघू. शेवटी डॉक्टर आला तेव्हा सगळं हातचं गेलं होतं. मला बाजूला घेऊन म्हणाला, काल बोलावलं असतं तर. मला एकटीला म्हणाला. तुझे बाबा बाहेर भिंतीला टेकून बसले होते. त्यांच्याकडे पाहिलं आणि मला कळलं, हे यांच्या कानावर गेलं तर हा माणूस पुन्हा उभा राहणार नाही. लोक तर विचारतच होते. कुणाच्या तरी माथी मारायलाच हवं होतं.” तिनं शेंग सोलली. “खिडकीतून ते झुडूप दिसलं. म्हटलं, त्याचं काय जातंय. त्याला ना तोंड, ना घरदार.”

“आणि बाबांना पटलं?”

“पटवून घ्यायचंच होतं त्यांना. तापानं फणफणलेलं पोर उठलं कधी नि ओढ्यापर्यंत गेलं कधी, हे कुणी एकानंही विचारलं नाही बघ. मला वाटलं, बरं झालं. कुणाला लागलं नाही.”

कानामात्रा तिच्या तोंडाकडे बघत राहिला. राग कुठे गेला ते त्याला कळलं नाही. “म्हणजे त्याच्या ओठांवर तू डाग पाहिला नव्हतास?”

“कसला डाग?”

न सांगता राहिलो तर ही सुखानं मटार सोलत राहील, हे त्याला दिसत होतं. पंच्याऐंशी वर्षांची म्हातारी, कशाला आता? पण मूठ आवळून आवळून तो थकला होता.

“फळं त्यानं खाल्ली होती, आई. तू गेली होतीस शेजारी, तेव्हा. मी आणून दिली होती. ओंजळभर.”

आईनं हातातली शेंग ताटात ठेवली.

“मला वाटायचं तुला माहीत आहे. मला वाटायचं माझ्यामुळेच तो...”

“तू आठ वर्षांचा होतास,” आई म्हणाली. “अरे देवा. आणि मी म्हणत होते, कुणाला लागलं नाही.” तिनं मांडीवरचं ताट बाजूला सारलं, दोन्ही हात पुढे केले आणि त्याचं डोकं छातीशी ओढून घेतलं. एकसष्ट वर्षांचा माणूस, स्टुलावरून अर्धा घसरलेला, पाठीला रग लागली तरी तसाच राहिला आणि रडला. आईही रडली. किती वेळ गेला कुणी पाहिलं नाही.

मग आईनंच त्याचं डोकं वर केलं. तिला काहीतरी दुसरंच सुचलं होतं, आणि ते विचारायला ती घाबरत होती, असं त्याला वाटलं.

“खरंच खाल्ली त्यानं?” तिनं विचारलं. “मला बरं वाटावं म्हणून सांगत नाहीस ना?”

“खरंच खाल्ली.”

“गिळली? घशाखाली गेली?”

“सगळी. मी चांदण्या काढून दिल्या होत्या.”

आईनं पदरानं तोंड पुसलं आणि भिंतीला टेकली. “तीन दिवस त्याच्या पोटात काही गेलं नव्हतं रे,” ती म्हणाली. “मी चमचा पुढे केला की तोंड फिरवायचा. इतकी वर्षं जेवायला बसले की पहिल्या घासाला मला तेच आठवतं. माझं पोर उपाशी गेलं, असंच मला वाटत होतं.”

तिनं डबा पुन्हा जवळ ओढला. मग तिनं त्याचा हात धरला.

“आवडली त्याला?”

“अजून दे म्हणाला होता,” कानामात्रानं सांगितलं.